हिरवी इमारत ठीक आहे, पण ती आहे कुठे?

पायवाट (धागाकर्ता)

शाश्वत शहरांवरचं कुठलंही सादरीकरण उघडा, पहिल्याच चित्रात तो टॉवर असतो. गॅलरीत झाडं, भिंतीवर वेली, छपरावर सौर पॅनेल. चौकटीबाहेर काय आहे ते मात्र कधीच दिसत नाही. त्या टॉवरमधली माणसं कामाला किती लांब जातात, कशाने जातात, तिथे आधी काय उभं होतं आणि आधी राहणारे आता कुठे आहेत?

या विषयावर बरेच दिवस जमेल तसं वाचतोय आणि माझं मत एका बाजूला झुकत चाललंय. घर किती 'हिरवं' आहे यापेक्षा ते कुठे आहे आणि त्याच्यासाठी काय पाडलं, यावर शहराचं भवितव्य जास्त अवलंबून असतं. पटत नसेल तर धागा त्यासाठीच आहे, मोकळेपणाने हाणा.

नगररचनाकार आलँ बर्तो यांनी १९९० च्या आकड्यांवरून अटलांटा आणि बार्सिलोना यांची तुलना केली होती. बार्सिलोनात २८ लाख माणसं, अटलांटात २५ लाख. बार्सिलोनाचा बांधलेला भाग १६२ चौरस किलोमीटर, अटलांटाचा ४,२८०. माणसं कमी आणि जागा २६ पट! आता या अटलांटात मेट्रो चालवून दाखवा. बार्सिलोनाची तेव्हाची मेट्रो ९९ किलोमीटरची आणि ६० टक्के लोक स्टेशनपासून ६०० मीटरच्या आत राहणारे. तेवढीच सोय अटलांटाला द्यायची तर बर्तोंच्या हिशोबाने आणखी ३,४०० किलोमीटर रूळ आणि २,८०० स्टेशनं लागली असती. एवढा पैसा कुठल्याच महापौराकडे नसतो. शहर आधी पसरू द्या, वाहतुकीचं नंतर बघू, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

दाट म्हणजे उंच असंही नाही. पॅरिसच्या महापालिका हद्दीत चौरस किलोमीटरमागे वीस हजारांच्या आसपास लोक राहतात आणि बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्या आहेत. इमारती रस्त्याला लागून, एकमेकींना चिकटून आणि आत चौक. याउलट टॉवर उभे केले की त्यांच्यामध्ये अंतर सोडा, रॅम्प काढा, गाड्यांसाठी पोडियम बांधा, असं करत करत वरच्या मजल्यांवर कमावलेलं बरंचसं खाली जमिनीवर गमावलं जातं.

आणि कडेला बांधलं की काय होतं त्याचं उदाहरण मेक्सिको. २००० नंतरच्या दशकात तिथे गृहकर्जाच्या जोरावर शहरांपासून कोसो दूर लाखो छोटी घरं बांधली गेली, कारण तिथे जमीन स्वस्त. सगळी एका साच्यातली, ओळीने. पण कामं शहरात. बसचा खर्च आणि जाण्यायेण्यातले तास सोसेनात, म्हणून लोक कुलूप लावून निघून गेले. २०१० च्या जनगणनेत देशभरात सुमारे ५० लाख घरं रिकामी निघाली. सगळीच या योजनांमधली नव्हती, पण त्यांचा वाटा मोठा होता. त्या घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवली असती तरी काय फरक पडला असता?

---

गच्चीवरची

चांगला धागा. पण लोक लांब राहायला जातात ते हौसेने जातात का हो? जवळ परवडत नाही म्हणून जातात. अंतराचा हिशोब मांडताना जमिनीच्या भावाचा हिशोब सुटलाय. स्टेशनजवळ घरं बांधा म्हणणं सोपं आहे. स्टेशन होणार अशी नुसती कुणकुण लागली की आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढतात, आणि ज्यांच्यासाठी स्टेशन हवं होतं तेच दोन स्टेशनं पुढे ढकलले जातात.

---

टाचणी

वाचतोय. मारामारी सुरू झाली की येतो.

---

भिंतीपलीकडे

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्यामुळे 'काय पाडलं' या भागावर थोडं लांबण लावतो.

जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. त्याचं कारण नुसत्या भट्टीतल्या इंधनात नाही. चुनखडी तापवली की तिच्यातूनच वायू सुटतो, त्यामुळे भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो भाग उरतोच. म्हणजे नव्या इमारतीत पहिला माणूस राहायला येण्याआधीच तिच्या नावावर मोठा बोजा चढलेला असतो. पुढे दिवे, पंखे, एसी कितीही कार्यक्षम लावा, तो फिटायला काही दशकं जातात. ३५-४० वर्षांची धडधाकट चौकट (कॉलम-बीमचा सांगाडा) पाडून तिथे 'ग्रीन रेटिंग' मिळवणारी इमारत बांधायची आणि पाडलेल्याचा हिशोब कुठेच धरायचा नाही, ही आमच्या धंद्यातली राजमान्य लबाडी आहे.

दुसरा रस्ता आहे आणि तो करून दाखवलाय. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात ग्राँ पार्क नावाची वसाहत आहे, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. त्यातल्या तीन इमारती, १० ते १५ मजल्यांच्या, मिळून ५३० घरं. छोट्या खिडक्या, कोंदट खोल्या. सगळीकडे असते तशी तिथेही पाडण्याची चर्चा झाली होती. लाकातों-वासाल आणि त्यांच्या जोडीदार वास्तुविशारदांनी इमारत न पाडता तिच्या समोर दुसरा सांगाडा उभा केला. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तयार स्लॅब क्रेनने चढवून प्रत्येक घराला ३.८ मीटर खोलीची नवी जागा जोडली: अर्धी काचेने बंद होणारी ओसरी, तिच्यापुढे मोकळी गॅलरी. जुनी भिंत खिडकीसकट कापून काढली आणि जमिनीपासून वरपर्यंत सरकती काच बसवली.

आता वेळापत्रक बघा. एका घराचं काम १२ ते १६ दिवसांत आटोपायचं. बाहेरचा स्लॅब बसवायला अर्धा दिवस, जुना दर्शनी भाग कापायला दोन दिवस, नवा बसवायला दोन, बाकीचे दिवस आतल्या वायरिंग-प्लंबिंगचे. लोक घरातच राहत होते. संक्रमण शिबिर नाही, तात्पुरतं भाडं नाही, आणि काम संपल्यावर घरभाडंही वाढवलं नाही. ती काचेची ओसरी थंडीत ऊब धरते, त्यामुळे हीटिंगचा खर्च उतरला. या कामाला २०१९ मध्ये युरोपीय संघाचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला आणि लाकातों-वासाल यांना २०२१ मध्ये प्रित्झकर हा वास्तुकलेतला मानाचा पुरस्कार.

अर्थात चौकट दणकट असेल तरच हे जमतं. कॉलमचं लोखंड गंजून फुगलं असेल, काँक्रीटचे पोपडे निघत असतील, तर मीसुद्धा पाडा असंच लिहून देतो. पण 'जुनी झाली' आणि 'धोकादायक झाली' यांत फरक आहे, आणि तो फरक ठरवणारा माणूस पुनर्विकासात भागीदार नसावा एवढीच अपेक्षा.

---

रोखठोक

भिंतीपलीकडे, प्रतिसाद माहितीपूर्ण. पण हे दुरुस्तीचं कौतुक स्थिरावलेल्या शहरांना शोभतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगातले ५५ टक्के लोक शहरात होते आणि २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल. म्हणजे शहरांत सुमारे अडीचशे कोटी माणसांची भर, आणि त्यातली जवळजवळ ९० टक्के आशिया आणि आफ्रिकेत. यांना कुठल्या जुन्या इमारतीच्या गॅलरीत बसवणार?

घरं कमी आणि गिऱ्हाईकं जास्त, म्हणून भाव चढतात. इतकं साधं आहे ते. आणि घरं कमी का, तर बांधूच देत नाहीत. एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) आवळून धरायचा, उंचीवर मर्यादा, दोन इमारतींत इतकं अंतर, दर घरामागे इतकं पार्किंग. ऑकलंडने २०१६ मध्ये एका फटक्यात निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त बांधकामाला परवानगी दिली. तेव्हा वर्षाला दहा हजारांच्या आसपास घरांना मंजुरी मिळत होती, २०२१ मध्ये तो आकडा वीस हजारांपलीकडे गेला. आणि टॉवर नाहीत हो, बरीचशी दोन-तीन मजली जोडघरं, जुन्या बंगल्यांच्या परसात बांधलेली. म्हणजे पायवाट यांना जे हवं तेच, शहराच्या आत. नियम सैल केले म्हणून झालं.

---

गच्चीवरची

@रोखठोक, ऑकलंड मान्य. भाडी त्यामुळे नेमकी किती आटोक्यात राहिली यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतायत, पण घरं वाढली हे खरंच.

माझा आक्षेप वेगळा आहे. एफएसआय वाढवला की त्याच क्षणी जमीनमालकाची जमीन महाग होते. त्याने एक वीटही रचलेली नसते. सार्वजनिक निर्णयाने तयार झालेली ही किंमत तो बिल्डरकडून वसूल करतो आणि बिल्डर घर घेणाऱ्याकडून. मग स्वस्त घर येणार कुठून?

व्हिएन्नाने हा धागा बरोबर पकडलाय. २०१८ मध्ये त्यांनी बांधकाम नियमात 'अनुदानित घरं' असा एक वेगळा झोनच घातला. मोठ्या जमिनीचा वापर बदलून ती निवासी केली तर तिच्यावरची दोन तृतीयांश घरं अनुदानित हवीत. आणि खरी मेख पुढे आहे: त्या भागासाठी जमिनीच्या भावाला वरची मर्यादा, बांधता येणाऱ्या दर चौरस मीटरमागे १८८ युरो. म्हणजे वापर बदलून जो घबाडाचा योग येतो तोच कापला.

हे आज सुचलेलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर दिवाळं निघालेल्या त्या शहराने १९२३ मध्ये घरांवर चढता कर लावला. लहान घराला नाममात्र, आलिशान घराला सणसणीत. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं बांधली. त्यातलं कार्ल मार्क्स होफ १९३० चं, किलोमीटरभर लांब, १,३८२ घरांचं. आणि भूखंडाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर बांधकाम, बाकी चौक आणि बागा. धुलाईघरं, न्हाणीघरं, बालवाड्या, वाचनालय, सगळं आत. आजही शहराच्या स्वतःच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत आणि निम्मं शहर पालिकेच्या नाहीतर अनुदानित घरांत राहतं. मालकाला भाडं वाढवायचं असेल तर भाडेकरूकडे जायला दुसरं ठिकाण असतं, त्यामुळे खाजगी भाड्यांवरही वचक राहतो.

---

टाचणी

व्हिएन्ना निघालं. आता कोणीतरी सिंगापूर काढेल. मी थांबतो.

---

सागरगोटा

काढतोच! :)

गंमत सोडा, पण सिंगापूरबद्दल लोक अर्धीच गोष्ट सांगतात. गृहनिर्माण मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि आज जवळजवळ ८० टक्के रहिवासी त्याच्या घरांत राहतात, हे सगळे सांगतात. १९६६ चा भूसंपादन कायदा कोणी सांगत नाही. सरकारला वाटेल ती जमीन बाजारभावाच्या बऱ्याच खाली घेता येत होती आणि मोबदल्यावरून अडवणूक जवळजवळ अशक्य होती. आज बेटाचा बहुतांश भाग सरकारी मालकीचा आहे. रोखठोक आणि गच्चीवरची, तुम्हा दोघांच्या भांडणाचं उत्तर तिथे एका कायद्याने दिलं गेलं, पण असा कायदा आपल्याला चालेल का ते आधी सांगा.

दुसरी गोष्ट म्हणजे ती घरं 'विकत' मिळतात ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. पट्टा सरत आला की घराची किंमतही उतरत जायला हवी. लोक मात्र वर्षानुवर्षं धरून चालले होते की मुदत संपायच्या आत सरकार जुनी इमारत पाडून नवं घर देईलच. २०१७ मध्ये तिथल्या मंत्र्यांनी स्पष्ट सांगितलं की असं भाग्य थोड्याच इमारतींना लाभेल, बाकीची घरं मुदत संपल्यावर सरकारजमा होतील. त्यानंतर बरीच खळबळ उडाली. म्हातारपणाची पुंजी म्हणून घेतलेलं घर दर वर्षी थोडं थोडं विरघळत असेल तर काय करायचं, याचं उत्तर तिथेही अजून पुरतं सापडलेलं नाही.

---

पायवाट

सगळ्यांचे आभार, चर्चा माझ्या मूळ लेखापेक्षा बरीच पुढे गेली.

रोखठोक, पार्किंगच्या नियमावर मी तुमच्याच बाजूने आहे. एका गाडीची जागा १२-१३ चौरस मीटर, पण ती बाहेर काढायला लागणारी वाट आणि रॅम्प धरले की २५ ते ३० होते. म्हणजे एक छोटं घरच की! ज्याच्याकडे गाडी नाही तोही घर घेताना या जागेचे पैसे भरतो. अमेरिकेत बफेलोने २०१७ मध्ये सक्तीच्या पार्किंगचा नियम शहरभर काढून टाकला, नंतर बऱ्याच शहरांनी तोच कित्ता गिरवला.

पण नियम नुसता काढला तर गाड्या रस्त्यावर येतात, हेही खरं. जपानने उलट टोकाने सुरुवात केली. १९६२ पासून तिथे गाडी नोंदवण्याआधी जागेचा दाखला लागतो: घरापासून ठरावीक अंतराच्या आत (आता दोन किलोमीटर) माझ्या हक्काची पार्किंगची जागा आहे. पोलीस तपासतात, मग नोंदणी. रस्त्यावर रात्रभर गाडी लावायला बंदी. जबाबदारी इमारतीवरून काढून गाडीमालकावर टाकली. टोकियोच्या निवासी गल्ल्या चार-चार मीटरच्या असूनही चालण्याजोग्या आहेत त्यात याचा मोठा हात आहे. माझ्या मते घरांच्या धोरणातलं हे सर्वांत स्वस्त कलम, आणि राजकीयदृष्ट्या सर्वांत महाग.

---

भिंतीपलीकडे

नियमांचंच चाललंय तर जिन्याबद्दल कोणीच बोललं नाही.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तीन मजल्यांवर आणि कॅनडात दोन मजल्यांवर इमारत गेली की दोन जिने सक्तीचे. दोन जिने जोडायला मधून लांब बोळ काढावा लागतो आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना घरं. मग प्रत्येक घराला एकाच बाजूने खिडक्या, आरपार वारा नाही, आणि तीन शयनकक्षांचं घर बसवणं जड जातं कारण मागच्या खोलीला उजेडच मिळत नाही. म्हणून तिथल्या नव्या इमारती एका-दोघांसाठीच्या घरांनी भरलेल्या असतात. युरोपात बऱ्याच देशांत मध्यम उंचीला एक जिना चालतो, त्याच्याभोवती मजल्यावर दोन-तीन घरं, प्रत्येकाला पुढे आणि मागे खिडकी. छोट्या भूखंडावरही इमारत बसते, चार भूखंड एकत्र करायची वाट बघावी लागत नाही. सिएटलमध्ये सहा मजल्यांपर्यंत एका जिन्याला परवानगी आहे. एसीची गरज कमी करायला आरपार वाऱ्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही, आणि ते आपण जिन्याच्या नियमात घालवून बसतो.

---

रोखठोक

ग्रेनफेल टॉवरची आग विसरलात का? जून २०१७, लंडन, २४ मजले, एकच जिना, ७२ मृत्यू. त्यानंतर इंग्लंडने १८ मीटरच्या वरच्या नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना सक्तीचा करायचं ठरवलं ते उगाच नाही. नियम सैल करा म्हणणारा मीच, पण आगीच्या नियमाला हात लावताना माझाही हात कापतो.

---

भिंतीपलीकडे

नाही विसरलो. पण तिथे आग पसरली ती बाहेरून लावलेल्या ज्वलनशील पॅनेलमुळे, आणि रहिवाशांना बराच वेळ घरातच थांबायला सांगितलं होतं. आणि मी चोवीस मजल्यांबद्दल बोलतच नाहीये. जर्मनीत एक जिना चालतो तो अशा हिशोबाने की दुसरी वाट म्हणजे अग्निशमन दलाची शिडी. सर्वांत वरच्या मजल्याची जमीन २२ मीटरच्या वर गेली की ती इमारत उंच इमारतींच्या कडक नियमांत जाते, कारण शिडी तिथवर पोचत नाही. मर्यादा शिडीच्या लांबीवरून आली आहे. ज्या शहरात शिडीची गाडी वेळेत पोचत नाही किंवा गल्लीत वळतच नाही, तिथे मी स्वतःही दुसऱ्या जिन्याचाच आग्रह धरेन.

---

मेघमल्हारी

इतका वेळ घरं आणि रस्ते चाललेत, पावसाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. दाट शहर म्हणजे पाणी मुरायला जागा नाही.

२ जुलै २०११ ला कोपनहेगनमध्ये दोनेक तासांत काही ठिकाणी १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. तळघरं भरली, रस्ते बुडाले, नुकसानीचा आकडा अब्जावधी क्रोनरमध्ये गेला. जमिनीखालचे पाइप मोठे करत बसण्यापेक्षा पाणी वरच कुठे थांबवता येईल असा विचार करून २०१२ मध्ये त्यांनी ढगफुटीसाठी वेगळी योजना केली. एन्गहावे पार्क नावाची जुनी बाग त्यात नव्याने केली. भोवती ठेंगणी भिंत, खेळाचं मैदान खोलगट. एरवी मुलं तिथे खेळतात, ढगफुटीला बागेत सुमारे २२,६०० घनमीटर पाणी साठतं. भिंत बसायला कट्टा म्हणून वापरतात.

दाट बांधा, पण मोकळी जागा ठेवताना ती उंचवट्यावर ठेवू नका एवढं तरी पाळा. सगळीकडे बाग रस्त्यापेक्षा फूटभर उंच का करतात, कळत नाही.

---

टाचणी

भाडेनियंत्रण कोणी काढलं नाही अजून, म्हणून मीच काढतो. बर्लिनने फेब्रुवारी २०२० मध्ये भाडी गोठवली. आत असलेल्यांची चंगळ झाली, बाहेरून येणाऱ्यांना घर मिळेना कारण भाड्याच्या जाहिरातीच आटल्या. एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदा रद्द केला, मुद्दा एवढाच की हा अधिकार राज्याचा नाही, संघराज्याचा. मग मालकांनी मधल्या काळातला फरक मागायला सुरुवात केली. चला, माझं काम झालं.

---

ओसरी

उशिरा आले, पण एक मोठी गोष्ट राहिली असं वाटतंय. रोखठोक यांनी ज्या अडीचशे कोटींचा आकडा दिला, त्यांतल्या पुष्कळांचं घर ना बिल्डर बांधणार ना सरकार. ते स्वतःच बांधणार, हप्त्याहप्त्याने, जमेल तसं. त्यामुळे प्रश्न असा की त्यांनी बांधण्याआधी तिथे काय तयार ठेवायचं.

कराचीतल्या ओरंगी वस्तीत १९८० मध्ये समाजसेवक अख्तर हमीद खान यांनी याच प्रश्नापासून सुरुवात केली. घरं लोकांनी बांधलीच होती, सांडपाणी गल्लीत वाहत होतं आणि सगळे सरकारची वाट बघत होते. त्यांनी कामाची वाटणी केली. घरातलं शौचालय, गल्लीतली गटारवाहिनी आणि ती जिथे मिळते ती मधली वाहिनी हे लोकांनी आपल्या खर्चाने करायचं. मुख्य नाला आणि शुद्धीकरण सरकारने. वीस-तीस घरांची एक गल्ली, तिचा एक प्रमुख, तोच वर्गणी गोळा करणार. खान यांची संस्था पैसे देत नव्हती, नकाशा आणि उतार काढून द्यायची, अवजारं द्यायची. ठेकेदार वगळल्यावर खर्च कितीतरी खाली आला. पुढे याच संस्थेच्या परवीन रहमान यांनी शहराच्या कडेची गावठाणं आणि पाण्याची चोरी यांचे नकाशे केले, आणि २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली. गटाराचा नकाशासुद्धा कुणाच्या तरी पोटावर येतो.

चिलीतल्या इकिके शहराचं उदाहरण पायवाट यांच्या मुद्द्याला अगदी धरून आहे. शहराच्या मध्यात अर्ध्या हेक्टरवर शंभरेक कुटुंबं तीस वर्षं अतिक्रमणात राहत होती. सरकारी अनुदान कुटुंबामागे साडेसात हजार डॉलर, त्यात जमीनही घ्यायची आणि घरही बांधायचं. त्या पैशात पूर्ण घर फक्त शहराबाहेर मिळालं असतं. वास्तुविशारद आलेहांद्रो आरावेना आणि त्यांच्या गटाने २००४ मध्ये जमीन तीच ठेवली आणि घर अर्धं केलं. सुमारे ३६ चौरस मीटर: जिना, न्हाणी, स्वयंपाकघर आणि भक्कम चौकट, म्हणजे जे माणसाला स्वतः नीट करता येत नाही ते. शेजारी तेवढीच रिकामी जागा, दोन्ही बाजूंच्या भिंती तयार. लोकांनी ती पुढे आपल्या सवडीने भरली. काही ठिकाणी छान झालंय, काही ठिकाणी पत्रे ठोकलेत, दिसायला ओबडधोबड. पण शाळा, काम, दवाखाना होते तिथेच राहिले.

---

गच्चीवरची

ओसरी, सुंदर प्रतिसाद. पण त्या अर्ध्या घराचा भाव वाढला आणि लोकांनी विकून टाकलं तर? मध्यवर्ती जमीन म्हटल्यावर पुन्हा पहिले पाढे.

---

ओसरी

तो धोका आहेच, आणि इकिकेत मालकी वैयक्तिक आहे, त्यामुळे विकायला कुणी अडवू शकत नाही. उरुग्वेने त्याचा बंदोबस्त केलाय. तिथे १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने परस्पर-श्रमाच्या सहकारी संस्थांना मान्यता दिली. प्रत्येक कुटुंबाने बांधकामावर आठवड्याला २१ तास काम करायचं. अवघड कामाला कुशल कारागीर असतात, बाकी घमेली उचलण्यापासून हिशोब ठेवण्यापर्यंत सगळं सभासदांचं. कुठलं घर कुणाचं हे बऱ्याच संस्थांत काम संपेपर्यंत ठरतच नाही, शेवटी चिठ्ठ्या टाकतात. त्यामुळे कोणी आपलीच भिंत सरळ आणि शेजाऱ्याची वाकडी, असं करत नाही!

जमीन आणि इमारत कायम संस्थेची. सभासदाला राहण्याचा हक्क, तो मुलांकडेही जातो. सोडून जायचं असेल तर भरलेले हप्ते आणि घातलेल्या श्रमाची ठरलेली किंमत थोडी कपात करून परत मिळते. मधल्या काळात जमिनीचा भाव दसपट झाला तरी त्यातलं काही मिळत नाही. पुढचा सभासद तेवढीच रक्कम भरून येतो.

---

रोखठोक

आणि कर्ज? घर नावावर नसेल तर बँक कशावर देणार?

---

ओसरी

सभासदाला देतच नाही. कर्ज सरकारी निधीतून आणि संस्थेच्या नावे, तारण संस्थेची इमारत, मुदत साधारण २५ वर्षं. एखाद्याची नोकरी गेली तर त्याचा हप्ता काही काळ बाकीचे उचलतात, त्यासाठी संस्थेत वेगळा निधी बाजूला काढतात. अडचण वेगळीच आहे. सरकारी निधी आखडला की नव्या संस्था जमिनीसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबतात. राजधानी माँतेव्हिदेओच्या पालिकेने म्हणून आपल्या मोकळ्या जमिनींचा साठा करून त्यातल्या जागा सहकारी संस्थांना द्यायला सुरुवात केली. पुन्हा तुमचाच मुद्दा, गच्चीवरची: जमीन कोणाच्या हातात आहे ते आधी.

---

टाचणी

मारामारी झालीच नाही. निराशा केलीत.